जांभळी प्लेट

डॉक्टरीणबाईंनी तिन्ही नमुने टेबलावर मांडले,
बांगड्या दाखवतात तसे.
एक पारदर्शक, घातला तरी दिसत नाही.
एक तारेचा, टाळूला रंगीत प्लास्टिक.
आणि एक नुसती तार, दातांमागे चिकटवून टाकायची,
जिभेखेरीज कुणाला पत्ता नाही.

हिमानीचं लक्ष नव्हतं.
सव्वादोन वर्षं जिथं लोखंड होतं
तिथून ती जीभ फिरवत होती.
म्हणाली, पप्पा, गुळगुळीत लागतंय. दुसऱ्याचे असल्यासारखे.
आरशात हसली, ओठ मिटले,
पुन्हा हसून बघितलं.

मी विचारलं, किती दिवस लावायचं हे?
पहिलं वर्ष दिवसरात्र. मग रात्रीपुरतं.
मग म्हणजे किती?
त्या हातमोजे काढत होत्या.
दातांना जुनी जागा आठवत राहते, म्हणाल्या,
तुम्ही रेल्वेत ना? तुम्हाला मी काय सांगणार.

मी कीमन.
भुसावळहून वाघूरच्या पुलाकडे,
खांद्यावर हातोडा, पिशवीत क्लिपा,
जाताना एक रूळ, येताना दुसरा.
काल ठोकलेली क्लिप आज सैल.
अठरा वर्षांत मला कुणी म्हटलं नाही
की झाली लाइन सरळ, आता घरी बसा.
मे महिन्यात तर दुपारची गस्त वेगळी,
पारा सेहेचाळिसावर गेला
की रूळ झोपेतल्या माणसासारखा कूस बदलायला बघतो.

म्हणून पारदर्शक मी आधी बाद केला.
उष्णतेनं वाकतो, त्यांनीच सांगितलं,
स्कूटीच्या डिकीत ठेवू नका, गरम पाण्यात धुऊ नका.
बाई, आमच्या क्वार्टरच्या नळाला
एप्रिलपासून गरमच पाणी येतं.
त्या हसल्या. त्यांच्याही येत असणार.

चिकटवलेली तार मला पटत होती.
हरवायची भीती नाही.
पण एका बाजूनं सुटली तर कळणार कसं?
जे रोज डोळ्यांनी बघता येत नाही
त्याच्यावर मी सही करत नाही.

बेबीआत्याचा अमळनेरहून फोन:
दात ते सरळ व्हयी ग्यात ना? मंग आखो काबर पैसा?
मी म्हटलं, सरळ झालेत, मुरले नाहीत अजून.
लोणच्यानागत?
हो, लोणच्यासारखं.
ती हसली असणार, तोंडावर पदर धरून.
तिचा सुळा वर चढलेला. माझाही. आईचा होता.
माझ्या लग्नाच्या फोटोत आमच्या बाजूचे सगळे
ओठ मिटून उभे आहेत,
मुलीकडच्यांना वाटलं होतं, माणसं रागीट दिसतात.

रंग निवडताना मी म्हटलं, लाल घे,
कुठं नॅपकिनात गुंडाळून विसरलीस तर
खरकट्यातही सापडेल.
लाल म्हणजे थांबा, पप्पा.
मग हिरवा?
तिनं असं बघितलं
की मी दोन्ही झेंड्या गुंडाळून ठेवल्या.
जांभळा घेतला. आत चमकी.

पहिल्या रात्री म्हणाली,
मला थकाळी थाला उठवा.
तिची आई पोळी लाटता लाटता बसली हसत,
मग हीसुद्धा, सगळी तार दाखवून.
शेवभाजी खाताना काढून ठेवते,
वाटीशेजारी पाण्याच्या पेल्यात,
आणि शेजारचा छोटू रोज येऊन बघून जातो,
दात कुठंय यातला?

साडेचारला मी अंधारात बूट चढवतो.
फळीवर माझ्या टॉर्चशेजारी तिची डबी.
निघण्याआधी कानाशी धरून हलवतो.
आवाज येत नाही.
म्हणजे तोंडात आहे.
हातोडा उचलतो, दार हळू लावतो.