एक कोटी एकोणीस

आईच्या एक्केचाळीस पासबुकांची बेरीज
मी तीनदा केली.
दिवाणजीनं सुटी विडी कधी लिहिलीच नाही,
पंचवीसची जुडी झाली तरच,
तीही छाट काढून.
बेरीज आली एक कोटी. नेमकी.
आणि डब्यात एकोणीस :
निपाणीतला कारखाना बंद झाला त्या दुपारी
सुपात राहिलेल्या,
जुडी न झालेल्या.

कोटी तसा गरीब स्वभावाचा आकडा.
दोननं तोडा, पाचनं तोडा, सात-सात वेळा,
हूं की चूं करणार नाही.
चार लाख जुड्या, बाकी शून्य.
त्यात एकोणीस मिळवले
नि तो अडून बसला.

तीननं भागलं, उरले दोन.
(आम्ही भावंडं तीन.)
सातनं एक. अकरानं सात. तेरानं तीन.
एकोणीसनंच भागून बघितलं,
तर पंधरा.

मग रोज रात्री, वह्या तपासून झाल्यावर,
जत्राट वेशीकडची लाइट गेली तर मेणबत्तीवर,
एकेक भाजक.
तीन हजार एकशे सदतीसपाशी थांबले.
पुढं जायची गरज नसते :
वर्गमुळापलीकडच्या भाजकाचा जोडीदार
अलीकडंच सापडायला हवा.
चारशे सेहेचाळीस भागाकार. नाही सापडला.

मी कन्नड शाळेत गणित शिकवते.
फळ्यावर लिहिते, अविभाज्य संख्ये.
घरी येऊन म्हणते, मूळ संख्या.
एक भाषा म्हणते फुटत नाही,
दुसरी म्हणते इथूनच सुरुवात.
बाकी दोन्हींत तेवढीच उरते.

हिच्या आधीची मूळ संख्या अठ्ठावीस घरं मागं.
मधल्या सत्तावीस सगळ्या फुटणाऱ्या.
चारनं भागता हिचे तीन उरतात,
म्हणून दोन वर्ग जोडूनही ही जमत नाही.
आणि पुस्तकात हिचा वर्ग : न्यून.
स्वतःला सोडून भाजक एकच, एक;
त्यांची बेरीज आकड्याच्या जवळपासही जात नाही.

हे सगळं मी आईला सांगितलं.
ती कात्रीची धार अंगठ्यावर बघत होती,
पानं नसली तरी रोज बघते.
म्हणाली, "आन् छाट?
ती काय वाऱ्यानं वळली?"

छाटीची नोंद नाही.
पानं फाटकी म्हणून, तोंड सैल म्हणून,
दिवाणजीचं डोकं दुखत होतं म्हणून
परत फेकलेल्या.
त्या धरल्या तर खरा आकडा कुठल्या जातीचा,
सम की विषम,
हेसुद्धा कुणी सांगू शकत नाही.
माझी वही मिटली नाही, पण पेन खाली ठेवलं.

तेवढ्यात दारात शेजारचे बसलिंगप्पा,
"ताई, एक असली तर."
आईनं डबा उघडला, एक दिली.
माझ्या तोंडून निघून गेलं,
"आता एक कोटी अठरा.
सम झाला. दोननंच फुटला."

आई हसली. डब्याचं झाकण दाबून बसवलं.
"वळल्यात त्या वळल्यात गं.
कुणी ओढली म्हणून
कमी हुत्यात व्हय?"