ली

दांडिया बाजारात, बॅगांच्या दुकानावर माझा क्लास.
खाली चेन शिवायच्या मशीनची घरघर,
वर कॅनडाला निघालेले बारा जण
आणि फळ्यावर क्रियाविशेषण.

क्रियापदाला विचारा, मी सांगते,
कसं? कधी? कुठे? किती?
तो हळू चालतो, त्या हळू चालतात.
आपलं हळू कुणाच्याही घरी गेलं तरी तोंड तेच,
ना लिंग, ना वचन, म्हणून अव्यय.
इंग्रजीत मात्र शेपूट लावायचं:
स्लोला ली, क्विकला ली.
आणि जपून. एखाद्या शेपटात नांगी असते.
हार्ड म्हणजे जीव तोडून.
हार्डली म्हणजे जेमतेम, नावापुरतं,
न केल्यात जमा.

हे मी प्रत्येक बॅचला सांगते
आणि प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी लिहितंच.
या वेळी जिगर शिर्के.
विषय माझे वडील, अडीचशे शब्द मोजून.
माय फादर हार्डली वर्क्ड.

मी लाल पेनानं ली खोडलं
आणि बसल्या जागी त्याचा बाप उभा केला:
मकरपुऱ्यातली तिसरी पाळी, ग्रीसनं काळी नखं,
सायकलच्या हँडलला डबा.
अर्धा बँड वाढवूनही दिला,
कष्टांचा.

दुसऱ्या दिवशी सगळे उतरून गेले, तो थांबला.
"बेन, ते ली परत लावा ना."
अरे, अर्थ उलटा होतो.
"माहितीय. मी उलटाच लिहिला होता."
मग वहीचा कोपरा दुमडत, उलगडत,
"सेव-उसळीची गाडी आईची.
ते मांडवीला कॅरम खेळायचे.
दिवसभर.
चांगले खेळायचे पण."

खाली मशीन थांबलं होतं. दोरा तुटला असावा.
खोडलेल्या अक्षरांखाली मी टिंबं दिली,
म्हणजे हे राहू द्यावं.
अर्धा बँड काही परत घेतला नाही.

शेवटचं वाक्य निबंधात का नाही? मी विचारलं.
तो गप्प.
लिही. आणि गुड नको, वेल.
खेळणं हे क्रियापद आहे,
आणि वेलला शेपूट लागत नाही.

बाकावर न बसता, वही भिंतीला टेकवून त्यानं लिहिलं.
ही प्लेड कॅरम वेल.

अडीचशेचे दोनशे चोपन्न झाले.
चालतील, म्हटलं.