पंधरा मिनिटं

सकाळचे सहा पन्नास. उणे सव्वीस.
इंजिन गरम ठेवणारी वायर भिंतीतून उपटली,
गारठून काठीसारखी ताठ झालेली,
गुंडाळताना कुरकुरली.
बसमध्ये चढले, नळी तोंडात धरली
आणि रोजच्यासारखी फुंकले.

दिवा लाल.

कुह्मोच्या या रस्त्यावर शाळेची बस
फुंकल्याशिवाय सुरू होत नाही.
दुधानं तोंड पोळलं की माणूस
ताकही फुंकून पितो.
मी अकरा वर्षं नुसतीच फुंकतेय,
पीत काहीच नाही.

लाल.
शून्य पूर्णांक एकतीस.
पंधरा मिनिटं थांबा, म्हणाला पडदा,
तेही अगदी सभ्यपणे.

मी काय केलं होतं?
गॅरेजच्या दारात दोन झुरके.
सिगारेट सुटावी म्हणून भाच्यानं, यार्क्कोनं दिलेलं
बोटाएवढं यंत्र, त्यात पुओलुक्काच्या वासाचं पाणी.
आग नसलेला धूर.
तो ढग थंडीत माझ्याहून मोठा झाला,
बर्चच्या फांद्यांत जरा अडकला
आणि गेला.
गेला असं मला वाटलं.

साकारीला फोन केला.
"मी प्यायलेली नाही."
पलीकडे तो गप्प.
ती शांतता किती लांब होती सांगू?
एका घोटाएवढी.
मग म्हणाला, "थांब. पाण्यानं चूळ भर. पुन्हा फुंक."
चांगला माणूस आहे.
पण लेंतुआच्या काठी खड्ड्यात उलटलेली माझी गाडी
त्यानंच ट्रॅक्टर लावून ओढून काढली होती, तेव्हा,
अकरा वर्षांपूर्वी.
तो विसरलेला नाही. विसरावं असं मी म्हणतही नाही.

थर्मासमधलं कोमट पाणी.
चूळ भरली, बाहेर टाकली,
बर्फात एक खळगा पडला.
प्रशिक्षणाच्या दिवशी बाई शिकवत होत्या:
तोंडातलं असेल तर तोंडातच विरतं,
पोटातलं असेल तर रक्तात रेंगाळतं,
म्हणून थांबायचं.
तेव्हा मी वहीत लिहून घेतलं होतं.
माझ्यावरच येईल असं वाटलं नव्हतं.

चार मिनिटं.
वळणावर ओन्नी उभा असेल,
छातीवरचा चमकता बिल्ला हलवत,
एका पायावरून दुसऱ्या पायावर.
नऊ.
त्याची आई खिडकीतून बघत असेल
आणि घड्याळाकडे, आणि पुन्हा बाहेर.
अकरा.
काचेवर माझाच श्वास गोठून फुलं उमटली.
एवढा खरा श्वास,
आणि साक्ष मात्र खोटी.

पंधरा.
फुंकले.

शून्य.
हिरवा दिवा, जणू मधे काही घडलंच नव्हतं.
पण यंत्राच्या पोटात दोन्ही आकडे राहिले,
एकाखाली एक,
सोमवारी साकारी ते कागदावर काढणार.

ओन्नीच्या पापण्यांवर दव पांढरं झालेलं.
"राइली, उशीर का?"
"बसला माझा वास आवडला नाही."
तो हसला. माझं बोट धरून चढला.

रात्री चष्मा लावून बाटली वाचली.
मुंगीच्या पावलांएवढी अक्षरं:
ग्लिसरीन, वास, आणि तिसऱ्या ओळीत
ते.
माझं जुनं ओळखीचं.
एवढंसं, की कुणी पिणं म्हणणार नाही.
एवढंसं, की जीभ सांगू शकली नाही,
यंत्रानं सांगितलं.

मुलं वेळेवर पोचली नाहीत, पण पोचली.
नोकरी राहील. साकारी चार ओळी लिहील.
ते सगळं नीट होईल.

पण फ्रिजवर कॅलेंडर आहे.
अकरा वर्षं रोज एक फुली,
शाईनं.
यार्क्कोला फोन करावा?
तो बिचारा रडेल.
बाटली सिंकमध्ये ओतली, वास उशिरापर्यंत राहिला,
जंगलातल्या बोरांचा, सप्टेंबरचा.

मग कॅलेंडरसमोर उभी राहिले.
पेन उचललं. ठेवलं.
आजची फुली
पेन्सिलीनं मारली.