कमी दाबाची मंदाक्रांता

ओमानात सूर नावाचं गाव आहे, समुद्राला टेकून,
आणि तिथला फुटबॉलचा संघ बेसूर आहे,
हा पहिला विनोद. मीच केला, आल्या वर्षी,
आणि दिलावर परकाराने तेव्हाच बजावलं,
'श्लेष पुरे. श्लेषाने गोल होत नाहीत.'

क्लबाचं नाव अल-नाखुदा.
म्हणजे आपला नाखवाच, पलीकडच्या काठावरचा.
शर्टावर गलबत आहे. गलबताला भोक आहे,
असं परकार म्हणतो. तो गॅसच्या कारखान्यात
वेल्डिंग तपासतो, त्याला भोकंच दिसतात.

मी तिथेच कागद सांभाळतो.
एम.ए.ला संस्कृत होतं, ते कोणी विचारत नाही,
गुरुवारची रात्र सोडून.
त्या रात्री आम्ही सिमेंटच्या पायरीवर बसतो,
जी दिवसभर घेतलेलं ऊन
दहा वाजेपर्यंत बुडाला परत करत राहते,
आणि मी खेळाडूंना वृत्तं वाटतो.

उजवीकडून पळणारा बद्र : भुजंगप्रयात.
वळतो फार, पोचत कुठेच नाही.
मधला तो उंच, सगळ्यात महाग, ब्राझीलहून आणलेला,
त्याला मंदाक्रांता. प्रत्येक पावलाआधी थांबतो,
पुढचं अक्षर लघू की गुरू, मनात ठरवत.
बचावफळीला वृत्त नाही. ती मुक्तछंदात.
'मुक्तछंदालाही काही शिस्त असते,' परकार म्हणाला,
तेवढ्यात दुसरा गोल.

प्रशिक्षक या हंगामातला तिसरा.
तीनदा नांदी झाली, तीन सूत्रधार नमस्कार करून गेले,
नाटक काही सुरू होईना.
पडद्यामागून जल्लोष तेवढा ऐकू येतो, तो पाहुण्यांचा.

वरच्या पायरीवर सालिम बिन खमीस.
मच्छीमारांना बर्फ विकतो. त्याचा आजा
खजूर घेऊन आमच्या किनाऱ्याला यायचा, सागवान घेऊन परतायचा.
एवढं हसताय कशाला, त्याने विचारलं.
परकाराने समजावलं, पण परकाराची अरबी कारखान्यातली,
त्यामुळे मंदाक्रांतेची
कमी दाबाची पाइपलाइन झाली.

सालिम हसला नाही. चहाचा कागदी पेला खाली ठेवला.
म्हणाला, आमचे जुने कवी आधी उंट थांबवायचे,
जिथे तिचा तंबू होता आणि आता नाही.
चुलीचे तीन काळे दगड, वाऱ्याने पांगलेली राख.
तिथे पोटभर रडायचे.
आणि त्याने आमच्या गोलाकडे बोट केलं.

दोन खांब, एक आडवी दांडी. तीनच.
गोलरक्षक मध्यावर पंचाशी भांडत होता.
तिसरा गोल.

परकार त्या रात्री इतका हसला की
त्याला ठसका लागला, आणि पाठ मीच थोपटली.

मार्चमध्ये त्याचा करार संपला. दापोलीकडे घर बांधतोय,
छपराचं वेल्डिंग दुसऱ्याला करू देत नाही.
सामना संपला की मेसेज येतो : 'आजचा रस?'
मी लिहितो, 'करुण.' कधी 'बीभत्स.'

शेवटच्या सामन्याला पायऱ्यांवर आम्ही चाळीस जण असू.
चार-शून्य. खालच्या श्रेणीत जाणार, हे विश्रांतीलाच ठरलेलं.
मग चौऱ्याण्णवाव्या मिनिटाला बद्र घसरला,
चेंडू त्याच्या गुडघ्याला लागला,
आणि आत गेला.

सालिम उभा राहिला. मी उभा राहिलो. मागे एक म्हातारा
उगाच चप्पल हवेत हलवत होता.
कुठलं वृत्त, कुठला गण, काही आठवेना.
शेजारची जागा थोपटायला हात गेला, ती गरम होती, नुसती.

दिवे विझवायला सुरुवात झाली, कोपऱ्यातले आधी.
फोन थरथरला : 'आजचा रस?'
मी लिहिलं, खोडलं, लिहिलं, खोडलं.

सालिमला विचारलं, तुमचे ते कवी,
रडून झाल्यावर काय करायचे?

तो दिशदाशाच्या खिशात किल्ली शोधत होता.
'उंटावर बसायचे,' म्हणाला. 'चल, सोडतो तुला.'
पिकअपला एकच दिवा. मागे उरलेला बर्फ
रस्ताभर ठिबकत आला.