एकाच खिळ्याला

माझ्या दुकानात एकाच खिळ्याला
दोन हेल्मेटं टांगलेली होती,
पंक्चरच्या घमेल्याच्या वर,
जिथं आधी कॅलेंडर असायचं.

पांढरं खाड्यांच्या प्रणोतीचं.
नववीतली पोरगी, कवलापूरहून क्लासला यायची.
खडीवरून घसरली, डोकं थेट दुभाजकावर.
हेल्मेट कवठासारखं उभं फुटलं.
तिसऱ्या दिवशी दुकानात हजर,
हनुवटीला चार टाके,
म्हणाली, काका, चेन करकरतीय.

निळं भूपाल मगदूमचं.
त्याच्यावर ओरखडा नाही.
पहाटे दुधाचे कॅन लावून निघाला होता, तासगाव रोडनं.
उसाची ट्रॉली कडेला उभी, अंधारात, मागं दिवा नाही.
तिला चुकवायला हा आत आला
आणि मागून दुसरी आली.
ती छातीवरून गेली.
पट्टा हनुवटीखाली तसाच लागलेला होता, नीट,
दुकानात मी दाखवला होता तसा.

डॉक्टर कुडचे रविवारी टायरात हवा भरायला येतात,
पांढऱ्यावर बोट ठेवतात :
सक्ती पाहिजे. दंड पाहिजे. शाळेपासून पाहिजे.
ऐनापुरे सर निळ्याकडे हनुवटी करतात :
डोकी कसली झाकताय, रस्ता झाका!
ट्रॉलीला विचारा, सायकलवाल्याला काय विचारताय?
चहावर साय धरते.
हळदीच्या वखारीतला धर्मू हमाल
पिवळ्या हातांनी ब्रेक दाबून बघत असतो.
म्हणतो, टोपी साडेआठशेची
आणि खालची सायकल सातशेची.
आधी कुठली जपू?

मग तिघंही माझ्याकडे बघतात.
दस्तगीर, तू बोल. तू रोज बघतोस.
माझ्या हातात चाक असतं, फिरतं.
मी एवढंच म्हणतो,
आउट काढायचा तर एकच तार आवळून भागत नाही.
डॉक्टरांना वाटतं मी त्यांच्या बाजूनं बोललो.
सरांनाही तसंच वाटतं.

खरं सांगायचं तर
मला त्या खिळ्याखाली बसून जेवण जात नव्हतं.
गळीत हंगाम लागला तसा
मी रेडियमचा लाल रोल आणला,
रात्री दुकान बंद करून निघालो.
ट्रॉल्यांची रांग, उसाचा आंबूस वास,
मोळ्यांवर झोपलेली माणसं.
एकजण उठून बसला : काय करतोस रं?
म्हटलं, शेपूट लावतोय तुझ्या ट्रॉलीला.
तो हसला आणि पुन्हा आडवा झाला.
एका रात्रीत अकरा झाल्या.
रांगेत किती होत्या ते मोजलं नाही.

आणि मग, बुधवारी,
भूपालची बायको सुवर्णा आली, पोराला घेऊन.
जितू. सातवीत. बापाचीच सायकल, सीट खाली केलेली.
तिनं वर बघितलं.
हे ह्याला बसंल का?
मी म्हटलं, वहिनी, नवं घ्या, मी पैसे मागत नाही.
एकदा अपघातातनं आलेलं पुन्हा वापरू नये म्हणतात.
ती म्हणाली,
ह्याला काय झालंय?
ह्याला कुठं काय झालंय?

ब्रेकच्या तारेनं मी पोराच्या डोक्याचं माप घेतलं.
दोन बोटं सैल होतं.
जुन्या सीटचा फोम कापून आत चिकटवला,
आणि पट्टा लावताना माझा हात
त्याच्या हनुवटीशी जरा जास्त वेळ राहिला.
तो म्हणाला, काका, गुदगुल्या होतात.

रविवारी सरांनी सवयीनं वर बघितलं,
निळ्यासाठी. भिंतीवर नुसता
कॅलेंडरचा पांढरट चौकोन.
डॉक्टरही काही बोलले नाहीत.
धर्मू म्हणाला, हप्त्यानं देतोस का रं, असलं एक?

मी पाना ठेवला.
तारेचा तुकडा अजून खिशातच होता.
म्हटलं, इकडं ये, टोपी काढ.
त्याच्या केसांतून हळद सांडली, माझ्या बोटांवर.