अंगी लागणं

देवगडात, स्टँडच्या मागे, झेरॉक्सच्या वरच्या मजल्यावर
मी रक्त काढते.
साखर, हिमोग्लोबिन इथेच होतं.
ड जीवनसत्त्वाच्या नळ्या मात्र बर्फात घालून
दुपारच्या कोल्हापूर एसटीने जातात,
कंडक्टरच्या सीटखाली, आंब्याच्या पेटीला टेकून.
दोन दिवसांनी मोबाइलवर आकडा येतो.
आकड्याचा विचार मी करत नाही, फक्त छापते.
निदान तसं ठरलं होतं.

मार्चमध्ये तारामुंबरीच्या दोन जावा आल्या
एकाच रिक्षेतून, एकच दुखणं घेऊन : कंबर.
थोरली द्रौपदी सारंग. उजाडल्यापासून
वाळूवर बांगडे उलटते,
बारकी सुंगटं पसरते, कावळे हाकते.
धाकटी सुनेत्रा काजूच्या कारखान्यात,
पत्र्याखाली, ट्यूबलाइटच्या उजेडात गर सोलते.
उन्हाशी तिची ओळख रविवारपुरती,
दोरीवर कपडे टाकण्याएवढी.

सुई टोचतानाच मी मनात आकडे लिहून टाकले होते.
आले ते असे : सुनेत्रा अकरा.
द्रौपदी नऊ.

"नऊ?" द्रौपदी हसली, "अगो, आख्खो जल्म
वतात गेलो माजो!"
तेव्हा कुठे मी तिला नीट पाहिलं.
साडीवर नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट,
टॉवेल भुवयांपर्यंत ओढलेला,
हातात जुने मोजे, बोटांपाशी कापलेले.
उन्हात राबायचं तर आधी उन्हापासून लपावं लागतं.
उघड्यावर होते ते बांगडेच.

डॉक्टरांनी दोघींना सारखंच लिहिलं :
साठ हजारांची पुडी, आठवड्याला एक, दुधातून, आठ आठवडे.
आणि थोरलीला वर जास्तीचं,
हात उघडे टाकून अर्धा तास ऊन खा.
"खावचा म्हणजे बसान? आणि बांगडे कोण परततलो, डॉक्टर?"
तरी ती बसली म्हणे. होडीच्या सावलीबाहेर,
बाह्या वर करून, लाजत,
पोरं हसायची.

मेमध्ये सुनेत्रा शेहेचाळीस.
द्रौपदी तेरा.

सोबत आलेली सासू तिथंच बोलली,
"हिणा पुडये उकिरड्यार टाकल्यान."
धाकटी जाऊ खिडकीबाहेर बघत राहिली.
द्रौपदीने कमरेचा बटवा सोडला.
आठ रिकाम्या पुड्या, सपाट केलेल्या,
प्रत्येकीवर मुलाच्या अक्षरात शनिवार, तारीख.
टेबलावर तिने त्या मांडल्या,
पत्ते मांडावेत तशा.

एकाच म्हशीचं दूध. एकच टोप. एकच शनिवार.
मी माझ्या सुईवर संशय घेतला,
नळीवरचा नंबर पुन्हा ताडून पाहिला,
स्वतःच्या पदराला खार लावून दुसरं रक्त पाठवलं.
चौदा आलं.

डॉक्टर म्हणाले, एकेकाचं एकेक असतं.
आतड्यात अडतं, चरबीत दडून बसतं,
कुणाचं यकृत सावकाश चालतं. बघू.
माझा भाऊ सहा भाकऱ्या खायचा आणि
काठीसारखाच राहिला; मी पेजेवर फुगले.
आई एवढंच म्हणायची, त्याच्या अंगी लागत नाही.
त्याच्या पुड्या कुणी मोजल्या नाहीत.

खाली उतरताना सुनेत्रा दोनदा थांबली,
कठड्याला धरून, एक हात पाठीवर,
शेहेचाळीस असूनही.
द्रौपदी सासूची पिशवी घेऊन पुढे गेलेली.
मी वरून विचारलं, कंबर?
"बरी आसा. पयल्यासारकी दुखणा नाय."
माझ्या छापील कागदावर
या उत्तराला रकाना नाही.

मग ती अर्ध्या जिन्यावरून परत आली,
बटव्याची गाठ मारत.
"गे, आता नववी पुडी घेव काय नको?"
खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.
मी म्हटलं, डॉक्टरांना विचारून
शनिवारी सांगते.