साकव

जुबैलच्या किनाऱ्यावर रात्री अडीचला
खारं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यातला
सात नंबरचा सर्व्हर गप्प झाला,
आणि मी चौथ्या मजल्यावरच्या खोलीत
बनियनवर, एसीच्या घरघरीत
लॅपटॉप उघडून बसलो.

थेट जाता येत नाही.
सात नंबरला बाहेरचं जग ठाऊकच नाही.
त्याला शेजार एकच, भिंतीला टेकलेलं जुनं मशीन.
त्याच्यावर ना हिशेब, ना नकाशे, ना कुणाचे पगार,
फक्त एक दार
आणि आल्यागेल्याची वही.
मुअज्जम परकारनं त्याचं नाव ठेवलं होतं साकव.
ऑडिटला आलेल्या सौदनं विचारलं, हे कसलं नाव?
परकार म्हणाला, आमच्याकडे वहाळावर
दोन पोफळी आडव्या टाकतात, त्याला म्हणतात.
एका वेळी एकच माणूस. हात मोकळे.
सौद हसला, कागदावर टिक केली.

पहिल्या आठवड्यात मी माझी खासगी किल्ली
साकवावरच ठेवून दिली होती.
सोयीसाठी.
परकार ओरडला नाही. चहाचा कप खाली ठेवला,
म्हणाला, मधल्या घरी पाणी प्यावं,
किल्ली ठेवू नये.
मग एकच ओळ लिहून दाखवली:
इथून उडी, साकवावरून, पलीकडे.
किल्ली आपल्या खिशात.
साकवाला कळतात फक्त पावलं,
अंगावरून जाणारं बंद पाकीट
त्याला फोडता येत नाही.

तेव्हा आम्हा दोघांचे पासपोर्ट
अबू तुर्कीच्या लोखंडी कपाटात होते.
सोयीसाठी.

आज दुपारी परकारचं खुरूज लागलं.
अकरा वर्षं, आणि कारण एका ओळीचं, तेही अरबीत.
ट्रॉली बॅग, एक गुंडाळलेली चटई,
जाताना मला दिलेला अर्धा डबा कॉफी.
पाठोपाठ ऑफिसचा मेल माझ्या नावे:
आज रात्री बारापर्यंत त्याचा प्रवेश बंद करावा.
बारा वाजले तेव्हा मी कपडे वाळत घालत होतो.
एक वाजला तेव्हाही घालतच होतो, म्हणा.

असो. साकवानं माझं बोट ओळखलं,
पलीकडच्यानं त्याचं बोट दाखवलं,
जुन्या नोंदीशी मी ते ताडून पाहिलं,
आणि सात नंबरच्या काळोखात उतरलो.
विशेष काही नव्हतं.
स्वतःच्याच नोंदी लिहून लिहून त्याची डिस्क भरली होती,
श्वास घ्यायला जागा उरली नव्हती.
जुन्या फायली पुसल्या.
मिठाचे आकडे पुन्हा हलू लागले.

तीन वाजता फोन वाजला.
परकार, दम्मामच्या विमानतळावरून:
पासपोर्ट मिळाला. हातात धरून बसलोय,
खिशात ठेवायची सवयच राहिली नाही.
सात नंबर उठला का?
उठला, मी लिहिलं.
थोड्या वेळानं:
माझी ओळ काढलीस का? बारा वाजून गेले.
आळस बरा नाही, बाबा.
आणि दुसरी खिडकी उघडी ठेव,
नाहीतर स्वतःच बाहेर राहशील.

मी दुसरी खिडकी उघडी ठेवली.
साकवावरची यादी उघडली.
अकरा ओळी, प्रत्येक ओळ म्हणजे अक्षरांचा भुसा,
फक्त शेवटी माणसाचं नाव.
सगळ्यात वरच्या ओळीला नाव नव्हतं,
लिहिलं होतं, बाणकोट.
कर्सर तिथे नेला. तो लुकलुकत राहिला,
त्याला काय, तो सगळीकडेच लुकलुकतो.

किल्ली त्याच्यापाशीच आहे, ती कुणी घेऊ शकत नाही.
आपण फक्त दाराला विसरायला लावतो.

काढली. जतन केली.
वहीत नोंद पडली, तीन वाजून अठरा मिनिटं,
माझ्या नावावर.

दहा ओळी उरल्या.
आता सगळ्यात वर माझी आहे.